कोडचा सामाईक सातबारा

२०११ च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, ॲपलच्या ॲप स्टोअरमधून व्हीएलसी गायब झाला. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा शंकू हे ज्याचं चिन्ह, तोच हा व्हिडिओ प्लेअर. लग्नाची सीडी असो की पेन ड्राइव्हवर आलेलं जुनं नाटक, दुसरीकडे फाइल उघडेना की आपल्याकडे घरी आणि सायबर कॅफेत एकच सल्ला मिळायचा : व्हीएलसीत टाकून बघ. आयपॅड आणि आयफोनसाठीची त्याची आवृत्ती आप्लिदियम नावाच्या फ्रेंच कंपनीने बनवली होती. ती फुकट होती, तिचा सोर्स कोडही खुला होता. येऊन चार महिने झाले नाहीत, तोच ती काढावी लागली.

काढायला लावणारा कुणी प्रतिस्पर्धी नव्हता, सरकारही नव्हतं. तक्रार केली होती रेमी दनी-कुर्मों यांनी, आणि ते व्हीएलसीचा कोड वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांपैकीच एक होते. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी ॲपलला कळवलं की माझा कोड मी जीपीएल या परवान्याखाली दिला आहे आणि तुमच्या दुकानाच्या अटी त्या परवान्यात बसत नाहीत. जीपीएल म्हणतो, कोड ज्याच्या हाती पडेल त्याला तो वापरण्याचा, बदलण्याचा, पुढे वाटण्याचा पूर्ण हक्क मिळाला पाहिजे आणि मधल्या कुणी त्यावर नवी बंधनं घालता कामा नयेत. ॲप स्टोअरच्या अटी तर अमुक इतक्याच उपकरणांवर, अमुक पद्धतीनेच वापरा, असं सांगत होत्या. ॲपलने आपल्या अटी बदलल्या नाहीत, व्हीएलसी काढून टाकला.

व्हीएलसीवर काम करणारे अनेक सहकारी दनी-कुर्मों यांच्यावर नाराज झाले. लाखो लोकांच्या हातातलं खेळणं तुम्ही हिसकावलंत, असा सूर होता. मला त्या नाराजीचं दुःख कळतं, तरीही दनी-कुर्मों यांची बाजू मला खरी वाटते. ज्या अटीवर त्यांनी आपले श्रम दिले होते ती अट पाळा, एवढंच ते म्हणत होते. आणि या प्रश्नावर मतदान घेऊन काही साधणार नव्हतं, कारण त्यांनी लिहिलेल्या ओळी त्यांच्याच होत्या.

इथेच पुष्कळांची गल्लत होते. ओपन सोर्स म्हणजे कुणाच्याच मालकीचं नाही, असा समज सर्रास आढळतो. ज्यांनी वडिलोपार्जित जमिनीचा सामाईक सातबारा पाहिला आहे, त्यांना खरी स्थिती पटकन कळेल. जमीन बेवारस नसते. उलट तिच्यावर दहा-पंधरा नावं असतात. एक चुलता मुंबईत, एक आत्या बडोद्याला, एक जण वारलेला आणि त्याची वारसनोंद राहून गेलेली. जमीन कसायला, गुरं चारायला कुणाची ना नसते. पण विकायची किंवा तिच्यावरच्या शर्ती बदलायच्या म्हटल्या की सगळ्यांच्या सह्या लागतात. कोडचंही तसंच. कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही मानतो. लिहिलं की हक्क निर्माण झाला, नोंदणीची गरज नाही. आपल्याकडे तो लेखकाच्या हयातभर आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, लिहिणाऱ्याचा नसून मालकाचा असतो, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे हिंजवडीत बसून कुणी कचेरीच्या कामाचा भाग म्हणून एखाद्या प्रकल्पाला चाळीस ओळी पाठवल्या, तर त्या प्रकल्पाच्या सातबाऱ्यावर चढतं ते त्याच्या कंपनीचं नाव. परवाना म्हणजे फक्त कसायची मुभा. मालकी जिथल्या तिथे राहते.

हे सगळं जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांना ठेच लागून कळलं. एमआयटीत घडलेला इमॅक्स हा एडिटर जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्सवर नव्याने लिहिला होता. हेच गॉस्लिंग पुढे जावा भाषेचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. सुरुवातीला त्यांनी आपला इमॅक्स मोकळेपणाने वाटला आणि १९८३ मध्ये युनिप्रेस नावाच्या कंपनीला विकला. स्टॉलमन त्यानंतर आपला ग्नू इमॅक्स उभा करू लागले. त्यात त्यांनी गॉस्लिंग यांच्या कोडचा काही भाग घेतला होता, मुख्यतः पडद्यावर अक्षरं उमटवणारा. गॉस्लिंग यांची परवानगी असल्याचं एका मित्राने सांगितलं होतं, तेवढ्याच भरवशावर. कंपनीने हरकत घेतली. तोंडी परवानगीचा कागद कुठून आणणार? १९८५ मध्ये स्टॉलमन यांनी तो भाग काढून स्वतः नव्याने लिहिला.

या अनुभवानंतर त्यांचा कागदावर विश्वास बसला, तो कायमचा. त्यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने इमॅक्स, जीसीसी अशा आपल्या प्रमुख प्रोग्रॅमांना कोड देणाऱ्यांकडून चक्क हक्कसोडपत्र लिहून घ्यायला सुरुवात केली. सही केलेला कागद टपालाने बॉस्टनला जायचा. नोकरदार असेल तर त्याच्या मालकाचाही ना-हरकत कागद सोबत लागायचा. लोकांना ही कटकट वाटे. पण त्या पत्रात एक गोष्ट अशी होती जी पुढच्या काळातल्या कंपन्यांच्या करारांत बहुधा सापडत नाही : फाउंडेशनही उलट लिहून देत असे की तुझा कोड आम्ही मुक्त परवान्याखालीच वाटू. हक्क सोडणाऱ्याच्या हाती निदान एक वचन राहायचं.

दुसरी तरतूद त्यांनी परवान्यातच केली. जीपीएलची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९८९ ची, दुसरी जून १९९१ ची. आपल्या फाइलीच्या डोक्यावर परवान्याचं नाव घालताना 'ही आवृत्ती, किंवा वापरणाऱ्याच्या मर्जीनुसार पुढची कोणतीही' असे शब्द घाला, अशी शिफारस तिच्यासोबत होती. चार-सहाच शब्द, पण वजनदार. ते घातले की पुढची आवृत्ती लिहिण्याचं कुलमुखत्यारपत्र फाउंडेशनच्या नावे झालं. जग बदललं, वकिलांना नवी पळवाट दिसली, तर प्रत्येक लेखकाच्या दारी न जाता ती बुजवता यावी, हा हेतू.

आता हेलसिंकीकडे वळू. सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची पहिली आवृत्ती खुली केली, ती स्वतःच्या परवान्याखाली. कोड पूर्ण द्यायचा आणि त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत, अगदी हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. ही दुसरी अट लगेच जाचक ठरली. मेळाव्यांत फ्लॉपीवर नकला करून वाटणाऱ्यांना फ्लॉपीचे पैसेही मागता येईनात. जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आवृत्तीबरोबर टॉरव्हाल्ड्स यांनी जाहीर केलं की १ फेब्रुवारीपासून परवाना जीपीएल होईल. पण मला या घटनेतली महत्त्वाची वाटते ती पुढची ओळ : ज्यांनी कोड लिहायला मदत केली त्यांची संमती गृहीत धरून, ज्याने जुन्या अटीवर विसंबून कोड दिला असेल आणि ज्याची तक्रार असेल, त्याने मला कळवावं. त्या वेळी सहहिस्सेदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. टॉरव्हाल्ड्स बावीस वर्षांचे. तरीही विचारायला हवं, हे त्यांना कळलं होतं.

पुढे मात्र त्यांनी कुलमुखत्यारपत्र दिलं नाही. २००० साली लिनक्सच्या परवान्याच्या फाइलीवर त्यांनी स्पष्ट टीप घातली की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, लागू आहे ती दुसरी आवृत्ती, स्वतंत्रपणे काही म्हटलं नसेल तर पुढची नव्हे. न पाहिलेल्या कागदावर सही करायला ते तयार नव्हते. सहा वर्षांनी त्या टिपेची किंमत कळली. जानेवारी २००६ मध्ये जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा आला. टीव्हीवरचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणाऱ्या तिवो नावाच्या यंत्रात लिनक्स होतं, कंपनी कोडही देत होती. पण आपण बदललेला कोड त्या यंत्रात घातला की यंत्र तो चालवायला नकार द्यायचं. स्टॉलमन यांना ही फसवणूक वाटली आणि नव्या आवृत्तीत ती वाट बंद करायचं ठरलं. मसुद्यावर जगभर चर्चा झाल्या; चौथी आंतरराष्ट्रीय परिषद त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगळुरूला भरली. टॉरव्हाल्ड्स यांचं मत वेगळं होतं : कोड परत द्या, एवढंच माझं मागणं, तुमच्या यंत्रात काय चालवायचं हे मी का ठरवू? सप्टेंबरमध्ये कर्नलच्या १० प्रमुख विकासकांनी सह्यांनिशी विरोध नोंदवला. २९ जून २००७ रोजी तिसरी आवृत्ती निघाली, कर्नल दुसऱ्यावरच राहिला. खरं तर टॉरव्हाल्ड्स यांच्या मनात असतं तरी बदल कठीण होता. सातबाऱ्यावर तोवर हजारो नावं चढली होती, त्यांतली काही माणसं या जगातही राहिली नव्हती.

कुलमुखत्यारपत्राचा मोठा वापर झाला तो वेगळ्याच ठिकाणी. विकिपीडियाचे लेख सुरुवातीपासून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्याच, दस्तऐवजांसाठीच्या परवान्याखाली होते. पुस्तकांसाठी बनवलेला तो परवाना विश्वकोशाला घट्ट होत होता. एका लेखाची छापील प्रत वाटायची तरी सोबत परवान्याचा सगळा मजकूर जोडावा लागे. लेखक लाखो, त्यांतले कित्येक निनावी. प्रत्येकाला विचारणं अशक्यच. पण त्या परवान्यातही 'पुढची कोणतीही आवृत्ती' ही मुभा होती. नोव्हेंबर २००८ मध्ये फाउंडेशनने १.३ आवृत्ती काढली आणि तिच्यात विकींसाठी एक दार उघडलं : १ ऑगस्ट २००९ पर्यंत क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याकडे जायचं तर जा. २००९ च्या वसंतात विकिपीडियाच्या सदस्यांचं मत घेतलं गेलं. सतरा हजारांहून अधिक जणांनी मत दिलं, सुमारे तीन चतुर्थांश लोक बदलाच्या बाजूने होते. जूनमध्ये बदल झाला. २००३ पासून मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांचे लेखही त्याच दिवसांत नव्या परवान्याखाली गेले. किल्ली एका संस्थेच्या हाती होती आणि ती वापरण्याआधी लोकांना विचारलं गेलं. दार ठरावीक मुदतीपुरतंच उघडं ठेवलं, यातला संयमही मला मोलाचा वाटतो.

व्हीएलसीच्या मंडळींकडे अशी किल्ली नव्हती. हा प्रकल्प १९९६ मध्ये एकोल सॉन्त्राल पॅरिस या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. वसतिगृहाचं नेटवर्क धिमं होतं, ते सुधारण्यासाठी सबब हवी होती, आणि नेटवर्कवरून सगळ्यांच्या खोलीत टीव्ही पोचवायचा, ही ती सबब. फेब्रुवारी २००१ मध्ये महाविद्यालयाच्या संमतीने कोड जीपीएलखाली आला आणि तिथून पुढे जगभरचे हात लागले. कुणाकडूनच हक्कसोडपत्र घेतलं गेलं नव्हतं.

२०११ पर्यंत दुसरी अडचण उभी राहिली. व्हीएलसीचं इंजिन, म्हणजे लिबव्हीएलसी, आपल्या ॲपमध्ये किंवा गेममध्ये वापरायला बरेच जण उत्सुक होते. पण जीपीएलमुळे त्यांचा सारा प्रोग्रॅम जीपीएल करावा लागे. म्हणून ते दुसरीकडे वळत. तोडगा होता एलजीपीएल : इंजिन आणि त्यातले बदल खुले ठेवायचे, भोवतीच्या प्रोग्रॅमच्या अटी ज्याच्या त्याच्या. सप्टेंबर २०११ मध्ये बदलाचं ठरलं आणि हे ओझं मुख्यतः एका माणसाने उचललं. व्हीएलसी सांभाळणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेचे अध्यक्ष ज्याँ-बातिस्त केम्फ यांनी.

त्यांच्या कामाकडे जरा जवळून पाहिलं पाहिजे. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिट नावाच्या साधनात एक आज्ञा असते. ती दिली की फाइलीतल्या प्रत्येक ओळीपुढे ती ओळ शेवटची कुणी बदलली आणि केव्हा, ते दिसतं. थोडक्यात, कोडची फेरफार नोंदवही. पण तलाठ्याच्या फेरफारात जशा चुका राहतात तशा इथेही होत्या. व्हीएलसीचा कोड आधी सीव्हीएसमध्ये, मग सबव्हर्जनमध्ये आणि नंतर गिटमध्ये आला. जुन्या व्यवस्थेत बाहेरच्या माणसाने पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आतला माणूस आपल्या नावावर चढवी. खऱ्या लेखकाचं नाव असलंच तर शेजारच्या टिपेत, 'अमक्याचे आभार' एवढंच. नोंदवहीतलं नाव एकाचं, लेखणी दुसऱ्याची. आणि एखादी ओळ आज दुसऱ्याच्या नावावर दिसली, कारण त्याने तिच्यातली मोकळी जागा नीट केली, तरी आतला विचार दहा वर्षांपूर्वीच्या तिसऱ्याचाच. म्हणून आज्ञा एकदा देऊन भागत नव्हतं. एकेका फाइलीचा इतिहास मागे मागे जाऊन वाचावा लागत होता.

नावं निघाली ती दोनशेच्या आसपास. बहुतेकांचे पत्ते म्हणजे विद्यार्थिदशेतले ईमेल, महाविद्यालय सुटलं तसे बंद पडलेले. काहींनी संगणकाशी संबंध तोडला होता. केम्फ यांनी ईमेल केले, फोन केले, समाजमाध्यमांवर माणसं शोधली. ज्याने दहा वर्षांपूर्वी एका रात्री बसून पन्नास ओळी लिहिल्या होत्या आणि जो ते विसरूनही गेला होता, त्याला विचारायचं : तुमचा कोड या नव्या अटींवर देऊ का? जिथे संमती मिळाली नाही तिथे दोनच मार्ग : तो भाग जीपीएलखाली जसाच्या तसा ठेवायचा, किंवा पुन्हा लिहायचा. डिसेंबर २०११ मध्ये इंजिनाचा गाभा एलजीपीएल झाला, नोव्हेंबर २०१२ मध्ये बहुतांश मॉड्यूल्स झाली. काही भाग जीपीएलमध्येच राहिले. ते तसे जाहीरही केले गेले. जुलै २०१३ मध्ये व्हीएलसी ॲप स्टोअरवर परतला.

व्यवहारी माणूस म्हणेल, किती हा वेळेचा अपव्यय. मोझिलाला तर असंच काम २००१ ते २००६ पुरलं. जर्व्हेज मार्कम यांनी शेकडो लेखक शोधून काढले. मला त्या शोधात अपव्यय दिसत नाही. पन्नास ओळींच्या माणसालाही हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार होता आणि तो मानला गेला. ज्या प्रकल्पात असे दोनशे जण आहेत, त्याच्या अटी कुणी एका रात्रीत फिरवू शकत नाही.

एका रात्रीत म्हणजे काय, ते १० ऑगस्ट २०२३ रोजी दिसलं. हॅशिकॉर्प कंपनीचं टेराफॉर्म हे साधन सर्व्हरांची मांडणी कोडमधून करायला जगभर वापरलं जातं. २०१४ पासून ते मोझिलाच्या खुल्या परवान्याखाली होतं. बाहेरच्या लोकांनी त्याला भरपूर कोड दिला, आणि देताना एका करारावर संमती दिली होती : मालकी तुमचीच, पण कंपनीला तो वेगळ्या अटींवरही देण्याची मुभा. त्या दिवशी कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला. कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या सेवेत कोड वापरायचा नाही. चार वर्षांनी ती आवृत्ती पुन्हा मोझिलाच्या परवान्याखाली येईल. एकाही बाहेरच्या लेखकाला विचारावं लागलं नाही. कायद्याने ते चूक नव्हतं. कंपनीची व्यथाही खोटी नव्हती : आम्ही लिहायचं आणि दुसऱ्यांनी फारसं काही परत न देता त्याची सेवा विकायची. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये याच कारणाने परवाने बदलले होते. पण ज्याने मोझिलाचा परवाना पाहून आपली संध्याकाळ खर्चली, त्याने ती कंपनीच्या धंद्याला भेट दिली नव्हती.

सुटका झाली ती जुन्या परवान्यामुळेच. आधी दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. लोकांनी शेवटची खुली आवृत्ती उचलली, सप्टेंबरमध्ये लिनक्स फाउंडेशनने तिला आसरा दिला, ओपनटोफू हे नाव मिळालं आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आली. दोनच महिन्यांनी रेडिसचं तसंच झालं. इटलीतल्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस बीएसडी परवान्याखाली होता. तो बीएसडीच राहील, असं त्यांनी २०१८ मध्ये लिहिलं होतं, आणि ते मनापासून लिहिलं असणार याबद्दल मला शंका नाही. २०२० मध्ये ते बाजूला झाले. २० मार्च २०२४ रोजी रेडिस कंपनीने परवाना बदलला. बीएसडी इतका सैल की पुढच्या आवृत्त्यांवर नव्या अटी घालायला कुणाच्या सहीचीही गरज नव्हती. आठ दिवसांत जुन्या कोडवर वाल्की उभा राहिला. सानफिलिप्पो त्याच वर्षाअखेरीस कंपनीत परतले, आणि मे २०२५ मध्ये रेडिसला एजीपीएल या खुल्या परवान्याचा पर्याय पुन्हा मिळाला. तोवर बरेच जण वाल्कीकडे गेले होते.

लिनक्स कर्नलमध्ये अजूनही हक्कसोडपत्र मागत नाहीत. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर खटला भरला, आमचा कोड लिनक्समध्ये घातला म्हणून. तेव्हा कुठली ओळ कुठून आली हे दाखवायची वेळ आली आणि २००४ पासून प्रत्येक पॅचच्या तळाशी एक ओळ सक्तीची झाली : 'साइन्ड-ऑफ-बाय', पुढे नाव, पुढे ईमेल. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे आणि तो प्रकल्पाच्या परवान्याखाली देतो आहे, एवढंच ती ओळ सांगते. हक्क लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या मालकाकडेच राहतो. गिट आल्यापासून, म्हणजे २००५ पासून, कर्नलमध्ये पंधरा हजारांहून अधिक जणांचा कोड गेला आहे. त्यात मराठी आडनावंही आहेत. परवाना अजून जून १९९१ चाच आहे, आणि रोज येणाऱ्या पॅचांबरोबर सातबाऱ्यावर नवी नावं चढत आहेत.